चारच्या सुमाराची कळ

ज्यांना ही हकिकत थाप वाटेल, त्यांनी आधी सॉफ्टबॉलच्या नियमांचं पुस्तक उघडून बघावं. साक्षीदाराच्या कलमात शेवटी एक ओळ मागाहून घुसडलेली सापडेल: ‘साक्षीदार दोन पायांवर चालणारा असावा.’ एवढे शिकलेसवरलेले लोक असली ओळ उगाच कशाला लिहितील? तर ती लिहायला लावली ओजल भंगाळेनं, आणि तिला कारण झाली चांदी.

चांदी म्हणजे म्हैस. जाफराबादी, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, आणि दिमाख असा की पाणी प्यायलासुद्धा कुणी आग्रह केल्याशिवाय मान खाली घालायची नाही. ओजलच्या वडिलांचा, डिगूभाऊंचा, तिच्यावर भारी जीव. तापीकाठच्या त्या गावात केळीच्या गाड्या भरून माणूस घरी आला की हातपाय धुण्याआधी गोठ्यात. तिथं मग सगळं सांगणं चालायचं. आज ऊन काय होतं, मुकादम काय बोलला, गुडघा कसा धरलाय. चांदी कान हलवत ऐकायची.

घरात मात्र दिवसभरात बापलेकींची मिळून चौदा शब्दांची देवाणघेवाण. ओजलनं एकदा खरंच मोजले होते. ‘जेवलीस?’, ‘हो’, ‘दूध तापवलं?’, ‘तापवलं’, असं करत करत चौदाच्या पुढं गाडी जाईना. भांडण म्हणाल तर नव्हतं. ज्योत्स्ना, म्हणजे ओजलची आई, तीन वर्षांपूर्वी इस्रायलमध्ये हैफाला एका म्हातारीची देखभाल करायला गेली, आणि घरातलं बोलणं जणू तिच्याच बॅगेत भरून गेलं. ती रविवारी फोन करायची. फोनवर तिघंही इतकी आनंदात असायची की फोन ठेवल्यावर दमायला व्हायचं.

ओजल सोळाची. जिल्ह्यात तिच्यासारखी पिचर, म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये चेंडू टाकणारी, नव्हती. तिचा चेंडू दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. एकदा म्हणे तिच्या चेंडूच्या वाऱ्यानं पंचांचा चष्मा पडला. मी म्हणते अर्धं खोटं धरा, तरी निदान टोपी तरी उडालीच असेल. तिला फक्त एकच गोष्ट हवी होती: पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जागा. खेळासाठी म्हणाल तर खेळासाठी, पण खरं कारण वेगळं. तिनं तिथल्या वसतिगृहाचा फोटो बघितला होता. एका खोलीत आठ जणी. कुणाच्या तरी ओल्या ओढणीचं पाणी कुणाच्या तरी गादीवर ठिबकतंय, कंगव्यात कुणाचे तरी भलतेच केस, आणि सगळ्या एकदम बोलतायत. तो फोटो ती जेवताना समोर ठेवायची.

आता जरा दुखण्याचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात. हात पुढून वर, कानाशेजारून मागे, असा रहाटासारखा पुरा गोल फिरतो आणि मांडीपाशी चेंडू सुटतो. सगळं पापणी लवेस्तोवर. खालून टाकलेल्या चेंडूनं काय दुखायचंय, असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले होते. म्हणून या पोरींचे चेंडू कुणी मोजायचं नाही. पण गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मागे पहिली बरगडी असते. सगळ्यांत आखूड, कोयत्यासारखी वाकडी. मानेचे स्नायू तिला वर ओढतात, कुशीचे स्नायू खाली. हात गरगर फिरला की ही बिचारी दोन्हीकडून ताणली जाते, आणि वाढत्या वयाचं हाड एक दिवस बारीक तडकतं. दुखतं खांद्यात, पाठीत, खोल श्वास घेतला की छातीत. पोरींना वाटतं चमक भरली. साध्या एक्स-रेत दिसतही नाही. आणि त्याच बरगडीवरून हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात. बरगडी पुरती मोडली आणि त्यांना धक्का लागला, तर हात कायमचा लुळा.

पोरी दुखणं लपवायच्या, हा सगळ्यांत मोठा रोग. त्यावर जोडपट्टी निघाली. दोन चिकटपट्ट्या, टिकलीच्या पाकिटाएवढ्या. एक पिचरच्या गळ्याखाली. हाड तडकण्याआधी आतून फार बारीक आवाज करतं, आपल्या कानांना कळणार नाही इतका. तो आवाज ती पट्टी ऐकते, नसांमधून जाणारी वीज मोजते आणि दुखणं किती ते ठरवते. सुरुवातीला त्याचा नुसता आकडा दिसायचा. पण आकड्याशी हुज्जत घालता येते. प्रशिक्षक म्हणायचे, सहा आहे ना, सहा म्हणजे काहीच नाही. मग कुण्या शहाण्या बाईनं दुसरी पट्टी काढली. ती लावायची दुसऱ्या माणसानं, साक्षीदारानं. पहिलीनं मोजलेल्या दुखण्याचा दहावा हिस्सा ती बारीक विजेनं त्या माणसाच्या अंगात उतरवते, तिथल्या तिथं, त्याच घडीला, मग तो कितीही लांब असो. स्वतःच्या खांद्याशी कोण हुज्जत घालणार? साक्षीदारानं पट्टीवरचं बटण दाबलं की पिचर त्या दिवसापुरती मैदानाबाहेर.

नियम पक्का झाला. साक्षीदार घरचा पाहिजे. संघातला चालणार नाही, कारण त्याला जिंकायचं असतं. साक्षीदार नाही, तर पिचिंग नाही.

तडवी मॅडमनी, म्हणजे ओजलच्या प्रशिक्षक बाईंनी, सगळ्यांना अर्ज वाटले. बाकीच्या पोरींच्या घरी त्यावरून भांडणं. एकीची मावशी आणि आत्या दोघी हट्टाला पेटल्या की आम्हीच. ओजलनं आईला विचारलं. ज्योत्स्ना म्हणाली, मी म्हातारीला दिवसातून सहा वेळा उचलते गं, मधेच कळ आली आणि ती हातातून सुटली तर? खरंच होतं ते. ओजल म्हणाली, असू दे, बाबा आहेत ना.

ती अर्ज घेऊन गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. डिगूभाऊ चांदीच्या पाठीवरनं हात फिरवत तिला केळीच्या भावाचं काहीतरी सांगत होते, मोठ्यानं हसत होते. ओजलनं वडिलांना हसताना बघून किती महिने झाले होते, कोण जाणे. मधे बोलायला तिला जीव होईना. शेवटी म्हणाली, ‘बाबा, एक सही पाहिजे.’

ते मागे न वळता म्हणाले, ‘ठेव तिथं.’

तिनं अर्ज पेंडीच्या डब्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो डब्याखाली गेला होता. तिसऱ्या दिवशीही तिथंच होता.

अर्ज मोबाइलवरूनही भरता यायचा. चौथ्या दिवशी तिनं वडिलांसमोर मोबाइल धरला आणि अंगठा मागितला. त्यांना वाटलं डेअरीचं काहीतरी असेल. कशाला, एवढंसुद्धा विचारलं नाही. साक्षीदार म्हणून डिगंबर भंगाळ्यांचं नाव चढलं. पट्टी घरी आली. पट्टी अंगावर पाहिजे, तिला नाडी लागली पाहिजे, ऊब लागली पाहिजे, नाहीतर ती ठणाणा करते. नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात माणसंच होती. चांदी त्यांच्या डोक्यात आलेली नव्हती.

चांदीच्या गळ्यात डेअरीनं दिलेला पट्टा असायचा, रवंथ मोजणारा. ओजलनं त्याचं अस्तर उसवलं, आत पट्टी बसवली, टाके घातले. मानेवरचे चार बोटं केस वडिलांच्या जुन्या रेझरनं उतरवले. चांदीनं मान वळवून तिच्याकडं असं बघितलं की ओजलला शपथच घ्यावी लागली. ‘मला फारसं दुखत नाहीये,’ ती म्हणाली. ‘तुला कळणारसुद्धा नाही.’

पिचरच्या मनगटावर एक छोटा पडदा असतो, त्यावर साक्षीदाराची नाडी दिसते, तिच्याखाली ताप आणि जबड्याची हालचाल. तिकडं बावन्न. संथ, दणकट बावन्न. पट्ट्यांच्या मुख्य कचेरीतल्या यंत्राकडून डिगूभाऊंच्या मोबाइलवर निरोप येऊ लागले. तुमची नाडी खेळाडूसारखी आहे, अभिनंदन. तुम्हाला सतत बारीक ताप दिसतो, पाणी जास्त प्यावे. आणि आठवड्याला एकदा न चुकता: तुमचा जबडा दिवसातून आठ तास हलत असतो, कृपया तंबाखू सोडा. डिगूभाऊंनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. कुणीतरी फालतू लोक आहेत म्हणून ते निरोप पुसून टाकायचे.

दिवाळीपर्यंत ठीक चाललं. मग ओजलचं दुखणं वाढलं. आधी चेंडू टाकताना, मग केस विंचरताना, मग नुसतं जांभई देताना. ती डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली, डाव्या हातानं पातेलं उतरवायला शिकली. प्रबोधिनीच्या निवड चाचणीचा अंतिम सामना तीन आठवड्यांवर होता. तिनं कॅलेंडरवर चेंडू मोजायला घेतले. रोज शंभर, म्हणजे अजून एकवीसशे. एकवीसशे कळा. मग आठ जणींची खोली.

पण रोज चारला तिचा सराव सुरू झाला की इकडं गोठ्यात चांदी पाय आपटायची. दाव्याला हिसके द्यायची. मान एका बाजूला टाकून अशी काही हंबरायची की शेजारणी खिडकीत यायच्या. आणि संध्याकाळी पान्हा चोरायची. डिगूभाऊंनी सगळं करून बघितलं. सरकी बदलली, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, गोठ्याची दिशा बदलली. एका शेजारणीचं म्हणणं पडलं की चांदीला चारच्या चहाची सवय लागलीय, तर त्यांनी तिला घमेलंभर चहासुद्धा पाजून बघितला.

एका संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसले. ओजल डाव्या हातानं दूध ढवळत होती. आणि ते बोलायला लागले. चौदा सोडा, शंभराच्या वर शब्द झाले असतील. चांदीला काय होतंय कळत नाही म्हणाले. चारच्या सुमाराला कळ येते, खांद्यापाशी असावी, कारण तिथली कातडी थरथरते. खाणं कमी झालंय. डोळ्यांत पाणी असतं.

‘मुकं जनावर,’ ते म्हणाले. ‘कुणाला सांगेल गं? एकटीच सोसत असेल.’

ओजलला सगळं सांगून टाकायचं होतं. पण सांगितलं तर पट्टी निघणार, पट्टी निघाली तर चेंडू हातातून जाणार, आणि खोली त्या फोटोतच राहणार. आणि आणखी एक होतं, ते तिनं स्वतःलाही धड कबूल केलं नव्हतं. तिची कळ वडिलांना दिसली होती. त्वचेची थरथर, खाण्यावरून उडालेलं मन, डोळ्यांतलं पाणी, सगळं बारकाईनं दिसलं होतं. फक्त म्हशीच्या अंगावर दिसलं होतं. ती डाव्या हातानं दूध ढवळत राहिली आणि म्हणाली, ‘डॉक्टरांना बोलवा.’

डॉक्टर पिंजारी म्हणजे तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर. हाताला गुण, जिभेला काटा. ते फार कामात होते. आले ते नेमके अंतिम सामन्याच्या दिवशी, दुपारी साडेतीनला.

जळगावच्या मैदानावर तेव्हा पाचवा डाव चालला होता. ओजलचा संघ एका धावेनं पुढं. इकडं डॉक्टरांनी चांदीला चहूबाजूंनी बघितलं, तोंड उघडून बघितलं, आणि म्हणाले, पट्टा काढा, खाली घासलंय का बघू. डिगूभाऊंनी पट्टा सोडला आणि दोर, दावं, कासरा जसं ते जन्मभर टाकत आले, तसा सहज आपल्या उजव्या खांद्यावर टाकला. बंडीची बटणं उघडीच होती. अस्तर पार झिजलेलं, पट्टी गळ्याखालच्या कातडीला टेकली.

चांदीनं एक लांब श्वास सोडला आणि पुढ्यातल्या कडब्याला तोंड लावलं.

डिगूभाऊ मात्र गव्हाणीवर मटकन बसले.

खांद्यातून छातीत सुरी गेल्यासारखं झालं म्हणाले. डॉक्टरांनी हातातली नळी त्यांच्या छातीला लावली, म्हशीसाठी आणलेली तीच. ठोका जोरात होता, पण सरळ होता. पुन्हा कळ. मग पुन्हा. मग पाचसात मिनिटं काहीच नाही, आणि पुन्हा एकामागून एक. डॉक्टर घड्याळ बघत होते. म्हणाले, ‘डिगूभाऊ, हृदयाचा झटका मधे पाणी प्यायला थांबत नाही. खांद्यावर काय आहे ते?’

त्यांनी चाकूनं टाके कापले. आत पट्टी, पट्टीवर हिरवा दिवा, आणि बारीक अक्षरात दोन नावं. डॉक्टरांची स्वतःची भाची सॉफ्टबॉल खेळायची, त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी हळूहळू सगळं समजावून सांगितलं. कुणाची कळ, कुठून येते, बटण कशासाठी.

डिगूभाऊ म्हणाले, ‘म्हणजे एवढे दिवस चांदीला...’

‘चांदीला दहावा हिस्सा,’ डॉक्टर म्हणाले. ‘बाकीचा हिशेब तुम्हीच करा.’

पट्टी परत खांद्याला लावा, असं कुणी सांगितलं नव्हतं. डिगूभाऊंनी ती उचलली आणि दोन्ही हातांनी गळ्याखाली दाबून धरली. बटण अंगठ्याखाली होतं. डॉक्टर म्हणाले, दाबा, पोरगी बाहेर येईल, हात वाचेल. डिगूभाऊ नुसते बसून राहिले. तिला एवढं सोसून काय मिळवायचंय, तेसुद्धा आपल्याला माहीत नाही, हे त्यांना त्या गव्हाणीवर बसल्या बसल्या कळलं. ज्या पोरीला कधी काही विचारलं नाही, तिचा खेळ एका अंगठ्यानं थांबवायचा कसा? तिला बघायचं सोडून दिलं होतं, निदान आता तिच्याबरोबर बसावं. त्यांनी डोळे मिटले आणि तोंडानं, चांदीला शांत करायला काढायचे तसला, च् च् असा आवाज काढायला लागले.

मैदानावर सातवा, शेवटचा डाव. दोन गडी बाद. समोरच्या पोरीचे दोन चेंडू हुकलेले. तिसरा हुकला की ती बाद. एक चेंडू, फक्त एक, आणि संपलं. ओजलचा खांदा इतका पेटला होता की हाताची बोटं बधिर झाली होती. चेंडू पुसायला तिनं हात खाली घेतला आणि मनगटावर नजर गेली.

एकशे अठरा.

तिला वाटलं यंत्र बिघडलं. बावन्न कुठं गेले? खाली ताप नव्हता. जबडा हलत नव्हता. ती बघत राहिली. एकशे अठरा, एकशे वीस, एकशे एकोणीस. हे चांदी नव्हती. हे कुणीतरी घाबरलेलं माणूस होतं, आणि त्या घरात माणूस एकच होता.

बटण दाबलेलं नव्हतं. ते बसून होते, पुढच्या कळेची वाट बघत.

पंचांनी खूण केली. ओजलनं हात वर नेला. कानाशेजारी हात आला आणि तिथं तिला कळलं की हा खाली आला की तिकडं ते छाती धरून वाकतील. दोन महिने ती एकटी होती, एकटीला काहीही टाकता येत होतं. आता येईना. तिनं हात तसाच सावकाश खाली आणला, दारावरचा पडदा सोडावा तसा. पंचांनी चुकीचा चेंडू म्हणून पुकारलं. तिनं चेंडू पायाशी मातीत ठेवला आणि चालत तडवी मॅडमपर्यंत गेली.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘दुखतंय.’

सामना एका धावेनं गेला. प्रबोधिनीची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. दुसऱ्या दिवशी मोठ्या यंत्रात घालून बरगडी बघितली, तेव्हा तडा आरपार जायला केसाएवढं अंतर राहिलं होतं. चार महिने हात गळ्यात. वर म्हशीला साक्षीदार केल्याबद्दल वर्षाची बंदी. चौकशी समितीच्या पाच विद्वानांपैकी तीन जणांना म्हणे हसू आवरेना म्हणून बैठक दोनदा तहकूब झाली.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी तडवी मॅडमनी तिला घरी सोडलं, तेव्हा डिगूभाऊ ओट्यावर बसले होते. पट्टी अजून गळ्याखालीच. ओजलला वाटलं, आता चांदीवरून बोलणी बसणार.

ते म्हणाले, ‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून.’

‘मला का नाही सांगितलं?’

ओजल म्हणाली, ‘अर्ज दिला होता. पेंडीच्या डब्याखाली आहे.’

ते उठून गोठ्यात गेले. डबा सरकवल्याचा आवाज आला. कागद होता तिथंच, त्यावर डब्याच्या बुडाचा गोल तांबडा डाग. ते बराच वेळ आत राहिले, पण या खेपेला चांदीशी बोलण्याचा आवाज आला नाही. बाहेर आले तेव्हा कागद हातात होता, आणि साक्षीदाराच्या रेघेवर, डागाला वळसा घालून, सही केलेली होती. त्या सहीचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

कागद तिच्या हातात देताना त्यांनी विचारलं, ‘दहावाच हिस्सा का देतात?’

‘साक्षीदाराला त्रास होऊ नये म्हणून.’

‘आणि बाकीचे नऊ?’

‘ते ज्याचे त्याच्याकडंच राहतात, बाबा.’

त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन दुधाचं पातेलं चुलीवरून स्वतः उतरवलं. दोघं जेवली. फारसं बोलणं झालं नाही. सवय इतक्या लवकर मोडत नाही.

पट्ट्या परत कराव्या लागल्या. चांदी दोन्ही वेळा भरभरून दूध द्यायला लागली. पण डिगूभाऊंच्या खांद्याला मात्र खोड लागून राहिली. चार वाजले की ते असतील तिथं थांबायचे, हात गळ्याखाली जायचा. काही यायचं नाही. कळ नाही, काही नाही, नुसती शांतता, आणि ती त्यांना कळेपेक्षा जड जायची. मग ते गोठ्यातून घराकडं हाक मारायचे, ‘ओजल, आहेस ना गं?’

ती आतून म्हणायची, ‘आहे.’

आणि कधी तिला उत्तर द्यायला उशीर झालाच, तर तिच्या आधी चांदी हंबरायची.